खोकणारा जावई

मेव्हागिसी, कॉर्नवॉल
१२ ऑक्टोबर १९८८

प्रिय ईनिड,

काल रात्री टीव्हीवर तो नितळपंथाचा कार्यक्रम पाहिलास का? नसशील पाहिला तर सुटलीस. मी सकाळपासून तीनदा दात घासले, तरी तोंडाची चव जात नाही.

हा पंथ म्हणे अमेरिकेतल्या सायंटॉलॉजी नावाच्या पंथातून भांडून बाहेर पडलेल्या एका माणसाने काढला. आधी तो शिलाई मशीन विकत दारोदार फिरायचा. आता श्रॉपशरमध्ये हवेली घेऊन बसलाय आणि चांगली शिकलेली माणसं त्याच्यापुढे हात जोडून उभी! पितळेच्या दोन मुठी हातात द्यायच्या, समोरच्या यंत्रावर सुई थरथरते आणि तुम्ही पोटातलं सगळं ओकायचं. ते झालं की हवेलीमागच्या तळ्यात गळ्यापर्यंत उभं राहायचं. ते तळं तू बघायला हवं होतंस. हिरवंगार, वर शेवाळाची साय. आपण नर्सिंग शिकत असतानाच्या मेट्रनने त्यात फरशीचं फडकंसुद्धा बुडवू दिलं नसतं. त्यातून बाहेर आलं की म्हणे माणूस ‘नितळ’ होतो.

आमचा डेन्झिल आधी हसत होता. म्हणाला, "चाळीस वर्षं समुद्रात भिजलो, मी तर काच झालो असणार." पण मग त्यांनी तो माणूस दाखवला आणि त्याचंही हसू गेलं. कॉलिन वेल्डन असं काहीतरी नाव. दोन वर्षांपूर्वी तिथून पळालेला. वर्षातून दोनदा तिथल्या पोरींना घरी फोन करू देतात, तेव्हा हा बाबा दुसरा रिसीव्हर कानाला लावून शेजारी बसायचा. बोलणं नको तिकडे वळलं की खोकायचा. आई रडतेय, मुलगी इकडे गप्प आणि मध्ये हा खोकतोय! हे सांगताना मेला रडला, आणि रडतानाही खोकत होता. मला इतकी किळस आली की मी हातातलं सँडविच कुत्र्याला घातलं.

डेन्झिलचं लक्ष मात्र त्याच्या अंगावरच्या निळ्या स्वेटरवर. म्हणे, "हा गॅन्सी आहे, कोळ्यांचा. आणि आपल्या कॉर्नवॉलचा नाही, वर यॉर्कशरकडची वीण आहे. या पांढऱ्या हाताच्या माणसाने कोणाचा ढापला?" बायकोचा वाढदिवस विसरेल, पण स्वेटरची वीण नाही विसरणार.

मी त्या टीव्हीच्या साप्ताहिकाला खरमरीत पत्र धाडलंय. छापतील की नाही देव जाणे.

बाकी लोर्ना कॅनडात मजेत ना? आणि तुझ्या जावयाचा खोकला? मी दिलेली काळ्या मनुकांच्या सरबताची कृती कळवलीस का तिला? बर्फाच्या देशात घसा सांभाळायला हवा.

तुझी,
मुरिएल


फाइली, यॉर्कशर
१९ ऑक्टोबर

प्रिय मुरिएल,

पत्र मिळालं. तो कार्यक्रम मी पाहिला नाही. त्या दिवशी चॅपलमध्ये जेवण होतं आणि बटाटे सोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. असल्या गोष्टींवर एवढं रक्त आटवण्यात मला अर्थ वाटत नाही. मोठी माणसं आहेत, त्यांनी आपलं बघावं.

तू लिहिलंस म्हणून सहज विचारते. तो माणूस कसा खोकायचा म्हणाला? म्हणजे काही ठरलेलं होतं का, एकदा खोकला तर काय आणि दोनदा तर काय? इथे बायका काहीबाही सांगतात, खरं काय ते कळावं.

फिलिप बरा आहे. सरबताचं कळवलं होतं. इकडे वारा फार सुटलाय.

तुझी,
ईनिड


मेव्हागिसी
२७ ऑक्टोबर

ईनिडबाई,

आधी बातमी. छापलं! तुझी मैत्रीण आता देशभर प्रसिद्ध आहे. पोस्टमनने मला दारातच सलाम ठोकला आणि पबमध्ये डेन्झिलला कोणीतरी ‘पॅस्कोबाईंचा नवरा’ म्हणालं, ते त्याला फारसं आवडलेलं नाही. कात्रण पाठवायचं तर माझ्याकडे एकच प्रत आहे, म्हणून इथेच उतरवते:

‘संपादक महाशय, मंगळवारचा कार्यक्रम पाहून जेवण उलटलं. इतक्या आयांचं बोलणं चोरून ऐकणारा माणूस आता कॅमेऱ्यासमोर डोळे पुसतो आणि आम्ही त्याला बिचारा म्हणायचं? त्याच्या अंगावर हाताने विणलेला सुरेख स्वेटर होता. असल्या माणसाला ऊब देणारी बाई कोण असेल ती असो, तिनेही एकदा आरशात तोंड पाहावं. – श्रीमती एम. पॅस्को, कॉर्नवॉल.’

कशी आहे? शेवटचं वाक्य डेन्झिल काढ म्हणत होता. मी म्हटलं, तेच तर मीठ आहे.

पबमध्ये आठवडाभर दुसरा विषय नाही. अर्धे लोक हसतात. गॅरेजवाल्याने बिअरचे दोन डबे हातात धरून ‘मी नितळ झालो’ म्हणून नाच करून दाखवला. उरलेले म्हणतात, दोष आईबापांचा, घरात प्रेम मिळालं असतं तर पोरं कशाला गेली असती. हे म्हणणाऱ्या बाईची स्वतःची तिन्ही पोरं तिच्याशी बोलत नाहीत, पण ते असो.

तू खोकल्याचं विचारलंस. हो, ठरलेलं होतं. एकदा खोकला की विषय बदलायचा. दोनदा खोकला की काहीतरी कारण सांगून फोन ठेवायचा. आणि कोणी आईबाप पंथाविरुद्ध एक शब्द बोलले तर ते ‘गढूळ’. मग फोन कायमचा बंद, मूल त्यांना मेलं. मला तर वाटतं त्या माणसाला त्याच तळ्यात बुडवून वर झाकण ठेवावं.

पण तू कधीपासून असल्या गोष्टींची चौकशी करायला लागलीस? बटाट्यांचा कंटाळा आला वाटतं!

तुझी प्रसिद्ध,
मुरिएल


फाइली
२० नोव्हेंबर

मुरिएल,

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण हातून काय लिहिलं जाईल याची मला खात्री नव्हती. अजून नाही.

आरशात तोंड पाहिलं. तो गॅन्सी मी विणला.

लोर्ना कॅनडात नाही. कधीच नव्हती. अकरा वर्षं ती त्या हवेलीत आहे. कॅनडा मी काढला, कारण तो लांब आहे आणि तिकडे कोण कोणाला बघायला जातंय. तिचे वडील गेले तेव्हा ‘बाळंतपण अवघड आहे, येऊ शकली नाही’ असं मी तुला लिहिलं होतं आणि तू बाळासाठी टोपडं पाठवलंस. ते अजून कपाटात आहे. बाळही नव्हतं.

वर्षातून दोनदा तिचा फोन येतो. माझ्या वाढदिवसाला आणि नाताळला, राणीचं भाषण संपलं की. त्या दोन फोनांसाठी मी अकरा वर्षं पंथाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. उलट विचारायची, "तुमचे गुरुजी बरे आहेत ना?" हे विचारताना माझ्या तोंडाला काय चव यायची ते तुला आता कळेल. तू तीनदा दात घासलेस. मी अकरा वर्षं घासतेय.

चार वर्षांपूर्वी ती म्हणाली, लग्न केलं. फिलिप रॅन्सम. लाजाळू आहे, फोनवर बोलत नाही, पण शेजारीच बसलाय. तेव्हाच मी पहिल्यांदा तो खोकला ऐकला. आणि मुरिएल, मला आनंद झाला. वाटलं, तिथे का होईना, पोरीचं कोणीतरी आहे.

मी म्हणायची, "एकदा येऊन जा गं." तो खोकायचा आणि ती विचारायची, "तिकडे पाऊस आहे का?" मी म्हटलं, तुझ्या बाबांच्या थडग्यावरचा दगड खचलाय. तो खोकला. एकदा मला रडू आवरलं नाही तर तो दोनदा खोकला आणि ती म्हणाली, "आई, ठेवते, फिलिपला बरं नाही." आणि मी! एवढी वर्षं वॉर्डात काढलेली मी, फोन ठेवून विचार करत बसले की खोकला कोरडा आहे, घशातला आहे, छातीत काही नाही. निदान केलं मी त्याचं. तुझं सरबत कळवलं.

मग गॅन्सी विणला. आमच्याकडे घरात जावई आला की विणतात. खालच्या कडेला त्याची अक्षरं घालतात, समुद्रात बुडाला आणि देह कुठे किनाऱ्याला लागला तर कोणाचा ते कळावं म्हणून. मी पी. आर. घातलं. फिलिप रॅन्सम. अख्खा हिवाळा गेला त्यात.

कार्यक्रम मी पाहिला. चॅपलमध्ये गेलेच नव्हते. दिवा मालवून पाहिला, शेजारच्यांना कळू नये म्हणून. त्याचा चेहरा यायच्या आधी खोकला ऐकू आला. मी खुर्चीतून उठले. मग चेहरा आला आणि त्याखाली माझी वीण.

तू म्हणशील, फाइलीत कोणाला कळणार. अगं, इथे बायका चेहरा विसरतील पण विणणारीचा हात ओळखतात. गॅन्सीवर शिडीची नक्षी असते, तिच्या पायऱ्यांमध्ये मी एक टाका जास्त घेते, माझी आई घ्यायची म्हणून. दुसऱ्याच दिवशी लोकरीच्या दुकानवाल्या मिसेस कॅमिश म्हणाल्या, "ईनिड, काल तुझी शिडी टीव्हीवर दिसली." मी म्हटलं, चॅपलच्या सेलला दिला होता एक. त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला नाही. मग तुझं पत्र छापून आलं. पोस्टात रांगेत उभी असताना पुढच्या दोघी ते मोठ्याने वाचून हसत होत्या. आणि मीही हसले. तुझ्या वाक्यावर त्यांच्याबरोबर मीही हसले.

हसणाऱ्यांचा मला त्या माणसाइतकाच तिटकारा आलाय. त्यात तूही आहेस.

ईनिड


मेव्हागिसी
२४ नोव्हेंबर

ईनिड,

माझी जीभ झडो. पेनसुद्धा.

चार कागद फाडले. क्षमा मागायला बसले की माझं मलाच नाटकी वाटतं. डेन्झिलला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर तो उठून कोळसा आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आल्यावर एवढंच म्हणाला, "शेवटचं वाक्य काढ म्हणालो होतो."

टोपड्यासाठी मी तुझ्यावर रागावणार होते, पण राग येत नाही. तू एकटीने हे सगळं गिळत होतीस आणि मी तुला मनुकांचं सरबत लिहून पाठवत होते. आपण एका खोलीत राहिलेल्या मुली ना गं? तुझ्या पायाला फोड आला तरी मला न सांगता कळायचं. हे कसं नाही कळलं? मी नुसती बोलत राहते, हेच माझं झालंय.

कार्यक्रमाच्या शेवटी एक पत्ता दाखवला होता, ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांच्यासाठी. मी तेव्हाच लिहून ठेवला होता, पुढच्या तक्रारीसाठी. सोबत जोडतेय. त्या वेल्डनला लिही आणि भेट. लोर्ना जिवंत आहे का, धड आहे का, जेवते का, हे त्याला माहीत असेल. ते विचार आणि मग माझ्या नावाची एक थोबाडीत दे.

मी येऊ का? सांग. गाड्या बदलत यायला दिवस जाईल, पण येते.

मुरिएल


फाइली
११ डिसेंबर

प्रिय मुरिएल,

आलीस असतीस तर त्याचं नाक मोडलं असतंस आणि मला काही ऐकायला मिळालं नसतं. म्हणून एकटीच गेले.

यॉर्क स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात भेटलो. तो माझा गॅन्सी घालून आला होता. मला बरं वाटावं म्हणून असेल. मला तो सोलून काढावासा वाटला. वय चाळिशीचं, नखं कुरतडलेली. बसल्याबसल्या खोकला. मी म्हटलं, "आता कोणाला खूण करतोस?" तर म्हणाला, "नाही हो, आता सवयच लागलीय. झोपेतही खोकतो."

फिलिप रॅन्सम कोणी नाही. ते नाव त्यांनी बसून ठरवलं. मी ‘कधी येतेस, कधी येतेस’ फार विचारायला लागले होते, तेव्हा नवरा दिला की आई गप्प होते, असं त्यांचं गणित. बऱ्याच आयांना असे जावई दिलेत म्हणाला. मी विचारलं, "आणि स्वेटर?" म्हणाला, "पार्सल आलं तेव्हा सगळे हसले. मला थंडी वाजत होती, मी घेतला."

मुरिएल, तो हे सांगत असताना लोणी लावलेला गोड पाव खात होता. लोणी हनुवटीला लागलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा हलत होता. मी आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्या, पू पाहिला, किडे पाहिले, पण कधी तोंड फिरवलं नव्हतं; तिथे फिरवलं.

मी म्हटलं, "माझ्या मुलीला मारतात का तिथे? उपाशी ठेवतात का?" त्याने पाव बशीत ठेवला. मग म्हणाला, "मिसेस मेटकाफ, लोर्ना मोठ्या हुद्द्यावर आहे. मी पळालो तेव्हा माझी खुर्ची तिला दिली."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, कसली खुर्ची?

तीच. आता ती दुसऱ्या पोरींच्या शेजारी बसते. दुसऱ्या आयांना ऐकते. खोकते. हा म्हणतो, मागून पळून आलेले सांगतात की ती त्याच्यापेक्षा चांगली आहे या कामात. तो कधीकधी कानाडोळा करायचा, ती करत नाही.

 त्याने आणखी एक सांगितलं. एवढ्या वरच्या हुद्द्यावरच्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. गेली दोन वर्षं ती मला फोन करते तेव्हा खोलीत एकटी असते. मी म्हटलं, खोटं. मागच्या नाताळलाही मी फिलिपला खोकताना ऐकलंय. त्याने खांदे उडवले.

उठताना त्याने गॅन्सी काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "हा माझा नाही." मी घेतला. का नको? लोकर माझी, हात माझे. तो नुसत्या शर्टावर बाहेर गेला, बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. मी हाक मारली नाही आणि मला त्याची दयाही आली नाही.

गॅन्सी दोनदा धुतला. त्याचा वास जात नाही.

आता नाताळ आलाच. फोन येईल. ती एकटी असेल. एवढी वर्षं मी मनाशी म्हणत आले की शेजारी कोणी नसतं तर पोर माझ्याशी बोलली असती. बोललं तर तोंडातून सगळंच बाहेर पडणार आणि मग मी गढूळ. नाही बोललं तर पुन्हा पाऊस, चहा आणि गुरुजी बरे आहेत ना. काय करू ते सांग. खरंच सांग.

तुझी,
ईनिड


मेव्हागिसी
१६ डिसेंबर

प्रिय ईनिड,

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी गप्प बस म्हणतेय. म्हणजे बघ, विचार करूनच म्हणत असेन.

काही बोलू नकोस. पाऊस विचारील तर पाऊस सांग. डेन्झिल म्हणतो, दोर झिजलेला असला तरी हातात आहे तोवर बोट आपली. तोडलास तर काय उरेल? आज ना उद्या तो शिलाई मशीनवाला मरेल, हवेली विकली जाईल, तेव्हा तिच्या हातात तुझा नंबर असायला हवा. ती आता काय काम करते त्याचा विचार करू नकोस. मला माहीत आहे, करशीलच. मी इथे भांडी घासताना करते आणि माझे हात थांबतात. दुसऱ्यांच्या आया ऐकते! तुझी लोर्ना, जिने मेलेल्या चिमणीसाठी पुठ्ठ्याचा खोका सजवला होता.

नाहीतर असं कर, नाताळला इकडे ये. फोन वाजू दे रिकाम्या घरात. डेन्झिलने हंस कापायचं ठरवलंय आणि मला एवढा मोठा पक्षी भाजता येत नाही, हे तुला माहीत आहेच.

साप्ताहिकाला मी दुसरं पत्र लिहिलं होतं, पहिलं मागे घेते म्हणून. छापलं नाही. शिव्या दिलेल्या छापतात, परत घेतलेल्या नाही छापत.

तुझी,
मुरिएल


फाइली
२८ डिसेंबर

प्रिय मुरिएल,

हंस जळला का? कळव.

तुझा सल्ला मी पाळणार होते. अगदी ठरवलं होतं. राणीचं भाषण झालं, मी टीव्ही बंद केला आणि फोन वाजला.

"हॅलो आई, नाताळच्या शुभेच्छा." आवाज तसाच, लहानपणी सर्दी झाली की व्हायचा तसा थोडा जाड. मी शुभेच्छा दिल्या. तिने पाऊस विचारला. मी म्हटलं, वारा आहे, पाऊस नाही. चॅपलच्या नव्या छपराचं सांगितलं. सगळं नीट चाललं होतं. मग माझ्या तोंडून दरवर्षीच्या सवयीने निघून गेलं, "फिलिप कसा आहे?"

आणि ती म्हणाली, "बरा आहे. खोकला आहे जरा."

एवढ्या सहज म्हणाली, मुरिएल. हसून. मला वॉर्डातल्या बादल्या आठवल्या. तो माणूस समोर लोणी खात होता तेव्हा जेवढी किळस आली नव्हती, तेवढी मला माझ्या पोरीची आली. तुला खोटं आता लिहायचं नाही.

मी म्हटलं, "लोर्ना, मी भेटले त्याला. कॉलिन नाव आहे त्याचं. गॅन्सी परत दिला त्याने."  मग विचारलं, "तुझ्या शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग बोल की गं. कोणी ऐकत नाहीये. आज तरी बोल माझ्याशी."

ती बोलेना, म्हणून मीच बोलले. अकरा वर्षांचं. गुरुजींना काय म्हणाले ते चॅपलमध्ये उच्चारता येणार नाही. तिला म्हटलं, तू ज्या पोरींच्या शेजारी बसतेस त्यांच्या आया म्हणजे मीच आहे. प्रत्येक वेळी तू मलाच ऐकतेस, मलाच तोडतेस, आणि मला तुझी घाण वाटते. म्हटलं, पण तुझी खोली आहे तशी आहे. पलंगावर स्वच्छ चादर आहे. दार पुढचं नको वाटलं तर मागचं उघडं ठेवते. कोणाला काही सांगावं लागणार नाही, मी सांगेन सगळ्यांना.

ती ऐकत होती. श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता बोलेल.

मग ती खोकली.

कोरडा, घशातला. एकदा. छातीत काही नव्हतं.

मी म्हटलं, "लोर्ना, नको गं. तिथे कोणी नाही." तर दोनदा खोकली. स्वतःच, एकट्या खोलीत. आणि म्हणाली, "आई, तू गढूळ झालीस," आणि फोन ठेवला.

तो माणूस खोटं बोलला नव्हता. दोन वर्षं मी माझ्याच मुलीचा खोकला जावयाचा म्हणून ऐकत होते.

काल लोकरीच्या दुकानात गेले. चार-पाच बायका होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "टीव्हीवरचा गॅन्सी माझ्या हातचा होता. माझी मुलगी कॅनडात नाही, त्या हवेलीत आहे, आणि तो माणूस जे काम करायचा ते आता ती करते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ता हसून घ्या." कोणी हसलं नाही. मिसेस कॅमिशनी निळ्या लोकरीची एक लडी काढून माझ्यापुढे ठेवली, म्हणाल्या, "तुला लागेल ना." त्यांना कसं कळलं कोण जाणे. विणणारीला कळतं.

लागणार होतीच. मी गॅन्सीची खालची कड कापून उसवली. पी. आर. गेलं. टाके उचलून आता उलट्या दिशेने खाली विणत आणतेय. लोर्नाला तो फार ढगळ होईल, बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. तरी अक्षरं तिचीच घालतेय, एल. एम. आमच्याकडे ती का घालतात, ते तुला सांगितलंच आहे.

नंबर मी बदलणार नाही. मागचं दार उघडंच आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात फार गारठा येतो.

तुझी,
ईनिड